ओसरीवरून : एका सहीची गोष्ट

गेल्या आषाढातील एका रविवारी दुपारची जेवणे आटोपून आम्ही मंडळी माजघरात बसलो असता थोरल्या बंधूंच्या धाकट्या चिरंजिवांचा दूरध्वनी आला. हा मुलगा यंत्रशास्त्राची पदवी घेऊन तीन वर्षांपूर्वी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागला. तयार माल तपासावा, तो ठरलेल्या कसोटीस उतरतो की नाही ते पाहावे आणि उतरल्यास तसे प्रमाणपत्र लिहून खाली सही करावी, असे त्याचे काम. त्या दिवशी त्याचा स्वर नेहमीचा नव्हता. ‘काका, बाबांना एवढ्यात सांगू नका,’ असे तो म्हणाला खरा; परंतु हल्लीच्या ह्या यंत्रांतून बोलणाऱ्याचा आवाज साऱ्या घरास ऐकू जातो, आणि दादा तर माझ्या शेजारीच झोपाळ्यावर बसले होते.

प्रकार असा होता. परदेशी जावयाच्या एका खेपेच्या चाचण्या, यंत्र नादुरुस्त झाल्यामुळे, राहून गेल्या होत्या. माल तर महिनाअखेर बंदरात पोचला पाहिजे. तेव्हा मागील खेपेचेच आकडे किंचित इकडचे तिकडे करून ह्या खेपेच्या कागदावर चढवावेत आणि सही करावी, असे खात्याच्या मुख्यांनी त्यास सांगितले होते. लेखी नव्हे, तोंडी. आणि तेही डोळे वटारून नव्हे, पाठीवर हात ठेवून. ‘तू काय, आपल्या घरातलाच आहेस,’ असे ते म्हणाले म्हणे.

दादांनी विचार करावयास क्षणही घेतला नाही. ‘अरे, वरिष्ठ सांगतायत ना? मग जबाबदारी त्यांची. तू कालचा पोरगा, तुला काय कळतंय? सही करून मोकळा हो.’ वहिनींचे म्हणणे, परक्या गावी नोकरी आहे, उगाच वाकड्यात शिरू नये. आणि पस्तीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविलेला मी? ‘जरा सबुरीने घे, मोठ्यांशी वाद घालू नकोस,’ ह्यापलीकडे माझ्याही तोंडून काही निघाले नाही. बोलणे संपल्यावर दादा सुपारी कातरीत म्हणाले, ‘आपल्या देशात हे असंच चालायचं. जपानात असता तर असं त्याला कोणी सांगितलंच नसतं. त्या लोकांच्या रक्तातच सचोटी आहे.’

पेढीची नीती ही राष्ट्राच्या रक्तातून येते, हे मत दादांचेच आहे असे नाही. पुष्कळ सुशिक्षित घरांतून ते ऐकू येते, आणि जपानविषयीचा आदर तर आमच्या घरात वंशपरंपरेने चालत आला आहे. १९०५ साली जपानने रशियास नमविले तेव्हा आमच्या पणजोबांनी आळीत साखर वाटली होती, असे आजोबा सांगत. म्हणून त्या रात्री मी मुद्दाम जपानी पेढ्यांचेच वृत्तान्त वाचावयास घेतले, आणि पहिल्याच पानाशी थबकलो.

ज्या वर्षी आमच्या घरची साखर वाटली गेली, त्याच वर्षी कोबे शहरात पोलादाचा एक मोठा कारखाना उभा राहिला. ‘कोबे स्टील’ हे त्याचे आजचे नाव. ह्या कंपनीने २०१७ च्या ऑक्टोबरात जाहीर कबुली दिली की, आपण विकलेल्या अॅल्युमिनियमच्या व तांब्याच्या मालाचे बळकटीचे आणि मापाचे आकडे प्रमाणपत्रांत बदलून लिहिले गेले. असा माल सुमारे ५०० गिऱ्हाइकांकडे गेला होता. त्यांत मोटारी करणारे होते, विमाने करणारे होते, आणि ज्या वेगवान आगगाडीचे जगभर कौतुक होते ती बांधणारेही होते. पुढे मार्च २०१८ मध्ये चौकशीचा अहवाल आला. काही ठिकाणी हा प्रघात १९७० नंतरच्या दशकापासून चालू होता असे त्यात निघाले, आणि कंपनीच्या अध्यक्षांनी पायउतार होण्याचे ठरविले. म्हणजे दादांच्या चिरंजिवांपुढे आला तोच कागद दादांच्या जपानात पुष्कळांपुढे आला होता, आणि त्यावर मुकाट्याने सह्या झाल्या होत्या. सह्या करणारे निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले, आणि त्यांनीही केल्या.

परंतु एवढ्यावरून दादा सर्वस्वी चुकले असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. न्यूयॉर्क शहरात संयुक्त राष्ट्रसंघाची कचेरी आहे, आणि तेथे बहुतेक सर्व राष्ट्रांचे वकील राहतात. त्यांच्या मोटारी मनाई असलेल्या जागी उभ्या राहिल्या तर पोलीस दंडाची चिठ्ठी लावीत. पण राजनैतिक संरक्षण असल्यामुळे दंड भरला नाही तरी कोणी काही करू शकत नसे. १९९७ ते २००२ ह्या पाच वर्षांत न भरलेल्या अशा चिठ्ठ्यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या राष्ट्रवार मोजून २००७ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. शिक्षा नाही, दंड नाही, विचारणारा कोणी नाही, अशा वेळी माणूस काय करतो, ह्याची परीक्षा घेण्यास ह्याहून चांगली शाळा सापडणे कठीण. कुवेतच्या वकिलांच्या नावावर माणशी सुमारे अडीचशे चिठ्ठ्या चढल्या होत्या; नॉर्वे, स्वीडन आणि जपान ह्यांच्या नावावर एकही नाही. एकही नाही! तेव्हा माणूस देश सोडून गेला तरी देश माणसास सोडीत नाही, हे दादांचे म्हणणे रस्त्यापुरते खरे ठरले. (ह्याच निबंधात पुढे असेही आहे की, २००२ च्या अखेरीस शहराने दंड न भरणाऱ्यांच्या गाड्यांच्या खास पाट्या काढून घेण्याचा अधिकार मिळविला, आणि मग न भरलेल्या चिठ्ठ्या शंभरांतल्या जेमतेम दोन उरल्या. संस्कृती एका रात्रीत बदलत नसेल; वागणूक बदलते.)

मग कोडे उरले ते हे. ज्या राष्ट्राचा माणूस परक्या शहरात, पोलिसाची भीती नसताना, मोटार चुकीच्या जागी उभी करीत नाही, त्याच राष्ट्राच्या कारखान्यात चुकीच्या कागदावर सह्या कशा होतात? ह्याचे उत्तर मला ऑलिंपस कंपनीच्या प्रकरणात मिळाले असे वाटते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

ऑलिंपस ही १९१९ सालची कंपनी. सूक्ष्मदर्शक, कॅमेरे आणि डॉक्टर लोक रोग्याच्या पोटात उतरवून पाहतात त्या नळ्या करण्यात तिचा हातखंडा होता. १९८० नंतरच्या दशकात जपानात शेअरांचा बाजार फुगला, तेव्हा तिच्या चालकांनी कंपनीचा पैसा त्यात घातला. पुढे तो फुगा फुटला आणि मोठी खोट आली. ती ताळेबंदात दाखवावी तर घराण्याचे नाव जाणार. म्हणून बुडीत खात्यातले रोखे दुसऱ्या नावांच्या फंडांत लपविले गेले. एक अध्यक्ष निवृत्त झाला, त्याने पुढच्याच्या कानात सांगितले. त्याने त्याच्या पुढच्याच्या. असे सुमारे वीस वर्षे चालले. अखेर खड्डा भरून काढण्यासाठी दुसऱ्या कंपन्या भलत्याच किमतीस विकत घेण्याची युक्ती निघाली. २००८ साली जायरस नावाची एक इंग्रज कंपनी घेताना सल्ल्याची दलाली म्हणून ६८ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली गेली, म्हणजे किमतीच्या सुमारे एक-तृतीयांश. मुलीच्या लग्नातसुद्धा मध्यस्थास कोणी एवढे देत नाही.

एप्रिल २०११ मध्ये मायकेल वुडफर्ड हे इंग्रज गृहस्थ कंपनीचे अध्यक्ष झाले. ते काही उपरे नव्हते. तीस वर्षे त्याच कंपनीच्या चाकरीत वाढलेले. त्या उन्हाळ्यात ‘फाक्ता’ नावाच्या एका जपानी मासिकाने ह्या व्यवहारांना वाचा फोडली. वुडफर्ड ह्यांनी तो मजकूर भाषांतर करवून वाचला आणि संचालकांस पत्रांवर पत्रे लिहून साधे प्रश्न विचारले : ही दलाली कोणास दिली? का दिली? १४ ऑक्टोबर २०११ रोजी संचालक मंडळाची सभा भरली. अध्यक्षांस बोलू न देता एकमताने काढून टाकण्यात आले. आणि कारण काय दिले? तर ह्या परदेशी गृहस्थांस कंपनीची रीत आणि जपानी संस्कृती समजली नाही.

वाचकहो, ह्या कारणावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. चोरी झाकावयाची वेळ आली तेव्हा चालकांनी संस्कृतीच पुढे केली. पुढच्याच महिन्यात कंपनीस सारे कबूल करावे लागले, आणि डिसेंबरात चौकशी समितीचा अहवाल आला. व्यवस्थापनाचा गाभाच नासला आहे असे त्या समितीने लिहिले. परंतु ह्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्या खिशात पैसा घातला, असे काही त्या समितीस आढळले नाही. बंगले बांधले नाहीत, जावयास दिला नाही. जे केले ते घरासाठी केले. आधीच्या वडील माणसांची चूक उघडी पडू नये म्हणून केले. २०१३ च्या जुलैत माजी अध्यक्ष किकुकावा ह्यांस तीन वर्षांची, तहकूब ठेवलेली, शिक्षा झाली.

माझे उत्तर ते येथे. जपानी माणूस रस्त्यावर नियम मोडत नाही, कारण चारचौघांत आपल्या समुदायाची मान खाली जाऊ नये असा त्यास धाक असतो. आणि कचेरीत खोट लपवितो तोही त्याच धाकाने. सद्गुण एकच. दार उघडते ते निराळ्या दिशेस. राष्ट्राराष्ट्रांतील पेढ्यांच्या लबाड्या मी जसजशा वाचीत गेलो, तसतसे माझे हे मत दृढ होत गेले की, लबाडी घरात शिरते ती मागच्या खिडकीने नव्हे. ज्या दाराला आपण रोज तोरण बांधतो त्याच दाराने शिरते, आणि म्हणूनच तिला कोणी हटकीत नाही.

तोशिबाचे प्रकरण ह्याच जातीचे. १८७५ सालापासूनची ही नामांकित कंपनी. २०१५ च्या जुलैत चौकशी समितीने सांगितले की, सुमारे सात वर्षांत पंधरा हजार कोटी येनांहून अधिक नफा फुगवून दाखविला गेला. वरचे अधिकारी तिमाही संपावयास थोडे दिवस उरले असता न पेलणारा आकडा खालच्यांस देत आणि त्यास ‘चॅलेंज’ म्हणत. हिशेब खोटे लिहा, असा हुकूम देण्याची गरजच नसे. वडिलांच्या इच्छेबाहेर वागता येत नाही अशी तेथली रीत होती, असे त्या समितीचेच म्हणणे.

अमेरिकेचे दार निराळे. तेथे वडिलांचा धाक नाही. मुलगा बापास नावाने हाक मारतो म्हणतात. तेथे तोरण आहे ते ज्याच्या त्याच्या कर्तबगारीला. वेल्स फार्गो नावाच्या जुन्या बँकेने एकेका गिऱ्हाइकाच्या गळ्यात आठ-आठ खाती, कार्डे, कर्जे बांधण्याचे ध्येय ठेविले होते, आणि त्यासाठी इंग्रजीत यमक जुळविलेली एक घोषणाही केली होती. शाखांतील कारकुनांवर रोजचा आकडा. भरला तर बक्षीस, न भरला तर घरी. परिणामी सुमारे २० लाख खाती गिऱ्हाइकांस न विचारता उघडली गेल्याचा संशय निघाला, पाच वर्षांत ५,३०० नोकरांस काढण्यात आले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेस साडेअठरा कोटी डॉलरांचा दंड झाला. येथे कोणी पेढीच्या अब्रूसाठी खोटे लिहिले नाही. प्रत्येकाने आपापल्या आकड्यासाठी लिहिले. अमेरिकेची दुसरी एक कंपनी तर आपल्या कोकणात येऊन गेली. गुहागर तालुक्यातील दाभोळचा वीज प्रकल्प जिने उभारला त्या एन्रॉनने जुलै २००० मध्ये साठाहून अधिक पानांची नीतिसंहिता छापून नोकरांस वाटली होती. २ डिसेंबर २००१ रोजी तिने दिवाळे जाहीर केले. नीती छापून वाटता येते अशी तिकडची श्रद्धा दिसते. क्रमिक पुस्तके आम्हीही पुष्कळ वाटली.

ह्या भेदांस आकड्यांत बसविण्याचा उद्योगही झाला आहे. गीर्ट हॉफस्टेड नावाच्या डच पंडिताने आय.बी.एम. कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरांकडून १९६७ ते १९७३ ह्या काळात भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नपत्रिका तपासल्या आणि १९८० साली ग्रंथ लिहिला. वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर लोक किती निमूटपणे मान्य करतात, ह्याचे त्याने राष्ट्रांस गुण दिले : अमेरिकेस ४०, जपानास ५४, आणि हिंदुस्थानास ७७. जन्मभर गुण देण्याचेच काम केल्यामुळे गुणांवर माझा फारसा विश्वास नाही. एकाच कंपनीच्या नोकरांवरून सारे राष्ट्र मोजणे हे पहिल्या बाकावरच्या चार मुलांवरून शाळा जोखण्यासारखे आहे. तरी ७७ हा आकडा पाहून त्या रविवारचे आमचे माजघर डोळ्यांपुढे उभे राहिले, हे मी नाकारणार नाही.

आता आपले दार. सत्यम ही हैदराबादची संगणकाचा धंदा करणारी कंपनी, नावच सत्य! १६ डिसेंबर २००८ रोजी तिच्या संचालक मंडळापुढे ठराव आला की, मेटास नावाच्या दोन कंपन्या १६० कोटी डॉलरांस विकत घ्याव्यात. ‘सत्यम’ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली म्हणजे ‘मेटास’ होते, आणि त्या कंपन्या अध्यक्ष रामलिंग राजू ह्यांच्या चिरंजिवांच्या हाती होत्या. मंडळात पूर्वीचे कॅबिनेट सचिव होते, हार्वर्डचे प्राध्यापक होते, व्यवस्थापन विद्यालयाचे प्रमुख होते. शंका निघाल्या; पण ठराव झाला तो एकमतानेच. भागधारकांनी गिल्ला केला म्हणून तो काही तासांत मागे घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ रोजी राजू ह्यांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, पाच हजार कोटी रुपयांहून अधिक शिल्लक केवळ कागदावर आहे. त्याच्या थोडे महिने आधी उत्तम कारभाराबद्दलचे एक पारितोषिकही ह्या कंपनीस मिळाले होते. २०१५ च्या एप्रिलात न्यायालयाने राजू व त्यांचे बंधू ह्यांस सात वर्षांची सजा सांगितली. कंपनी मात्र, पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या टेक महिंद्रने २००९ सालीच घेतल्यामुळे, तगली.

त्या १६ डिसेंबरच्या बैठकीचे वर्णन वाचताना मला सारखी दुसरी एक सभा आठवत होती. वडील बसलेले आहेत. धर्म जाणणारे आहेत, आणि ते सारे खाली पाहत आहेत. मुलाच्या मायेने आंधळा झालेला राजा सिंहासनावर आहे. महाभारतातील त्या द्यूतसभेत विकर्ण उभा राहिला. तोही कौरवांपैकीच, धृतराष्ट्राचा पुत्र. हे न्यायाचे नाही असे त्याने भर सभेत सांगितले. कर्णाने त्यास काय म्हणून बसविले? तू पोर आहेस, तुला काय कळते, अशा अर्थाचे बोलून. वर्षानुवर्षे हा प्रसंग मी वर्गात शिकविला. त्या रविवारी दादांचे ‘तू कालचा पोरगा’ हे शब्द ऐकताना मात्र तो मला आठवला नाही. आठवला तो रात्री दीड वाजता.

मग कपाटातून कौटिल्य काढला. सरकारी पैसा खाण्याचे त्याने चाळीस प्रकार मोजून ठेविले आहेत, हे पुष्कळांस ठाऊक असते. त्याच प्रकरणात, अपहाराची खबर देणाऱ्याने आरोप सिद्ध करून दिला तर त्यास त्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा आणि तो चाकरीतलाच असेल तर बारावा, असेही आहे. खोटा आरोप करणाऱ्यास शिक्षाही आहे. अमेरिकेने २०१० सालच्या कायद्याने, शेअरबाजारातील मोठ्या लबाडीची खबर देणाऱ्यास वसूल दंडाच्या शेकडा १० ते ३० पर्यंत बक्षीस ठरविले. कौटिल्याचा सहावा हिस्सा बरोबर त्याच्या मध्ये पडतो. तेव्हा ‘आपली संस्कृती आज्ञापालनाची’ असे म्हणताना आपण अर्धीच संस्कृती सांगत असतो. आपल्या पोथ्यांत द्रोणही आहेत आणि विकर्णही. मुलांपुढे कोणास ठेवावयाचे, ते त्या त्या घरातील मोठी माणसे ठरवीत आली आहेत.

जपानातही हा वाद झाला आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात जो अनर्थ झाला, त्याची चौकशी तेथील संसदेच्या समितीने केली. २०१२ च्या अहवालाच्या इंग्रजी आवृत्तीस अध्यक्ष कियोशी कुरोकावा ह्यांनी प्रस्तावना जोडली आणि ह्या आपत्तीचे मूळ जपानी स्वभावात आहे, न विचारता आज्ञा मानण्याच्या सवयीत आहे, असे लिहिले. त्यावर तेथील घडामोडी जाणणाऱ्या काहींनी हरकत घेतली की, दोष साऱ्या संस्कृतीवर घातला म्हणजे तो कोणा एका माणसावर राहत नाही. मला ही हरकत पटते. आणि दुसरी गोष्ट : वुडफर्ड परदेशी होते म्हणून विचारू शकले, हे निम्मेच खरे. त्यांच्या आधी २००७ साली ऑलिंपसच्याच एका जपानी नोकराने एका गैरप्रकाराची खबर कंपनीच्या ठरवून दिलेल्या खिडकीवर दिली होती. त्याचे नाव वरिष्ठांस कळविण्यात आले आणि त्याची बदली झाली. तो न्यायालयात गेला, २०११ साली उच्च न्यायालयात जिंकला, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयातही ते कायम झाले. तोही जपानीच होता. त्याच शाळांत शिकलेला, त्याच वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करीत वाढलेला.

दादांवर मी एवढे लिहिले. आता माझे सांगितले पाहिजे. नोकरीच्या चौथ्या वर्षी, ज्या शाळेत मी होतो तेथल्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून एका विद्यार्थ्याचे संस्कृतचे गुण २८ चे ३६ करण्यास सांगितले. मुलगा संस्थेच्या कोणा हितचिंतकाच्या घरातला होता. मुख्याध्यापक वृत्तीने ऋषितुल्य; मला त्यांनी पोटच्या मुलाप्रमाणे वागविले होते. त्यांनी हुकूम केला असता तर कदाचित मी नाही म्हणालो असतो. ते म्हणाले, ‘आपल्या शाळेसाठी म्हणून करा.’ मी केले. आकडा खोडून वर नवा लिहिला आणि बाजूस सही केली. त्या वर्षी २९, ३१ आणि ३३ गुणांवर नापास झालेली तीन मुले होती. त्यांच्यापैकी एक पुढे शाळाच सोडून गेला. ही गोष्ट मी घरात कोणास सांगितली नव्हती. सौभाग्यवतींनाही नाही.

सोमवारी पहाटे पुतण्यास मीच दूरध्वनी केला, आणि ही २८ चे ३६ ची हकीकत प्रथम त्यास सांगितली. मग म्हटले, ‘भांडू नकोस, कोणाचे नाव घेऊ नकोस. कागदावर जे खरे आहे तेवढेच लिही : यंत्र नादुरुस्त, चाचणी झाली नाही. त्याखाली सही कर.’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘काका, नोकरी गेली तर?’ मी म्हटले, ‘तर घरी ये. जागा आहे.’ घर दादांचेही आहे, त्यांस विचारल्याशिवाय मी हे बोललो. म्हणून उठून त्यांच्या खोलीत गेलो आणि त्यांनाही सगळे सांगितले, शाळेचेसुद्धा. त्यांनी वर्तमानपत्रावरून डोळे काढले नाहीत. दोन दिवस ते माझ्याशी बोललेही नाहीत.

पुतण्याने तसेच लिहिले. मुख्यांनी त्याच्याकडून कागद काढून घेतला, आणि पुढच्या आठवड्यात त्याची बदली भांडाराकडे झाली. तेथे तो आता खिळे-मोळे मोजतो आणि पगारवाढीच्या यादीत त्याचे नाव ह्या वर्षी नाही. पण त्या कागदाची एक प्रत गिऱ्हाइकाकडे जावयाच्या पाकिटात आधीच लागलेली होती, आणि कोणा परक्या कारकुनाने ती वाचली. खेप बंदरावरून परत आली. यंत्र दुरुस्त करून चाचण्या झाल्या.

गणपतीत तो चार दिवस घरी आला होता. आरती झाल्यावर प्रसाद घेत असता दादांनी, त्याच्याकडे न पाहता, विचारले, ‘मग त्या चाचण्यांचं काय निघालं?’

‘दोनशेतले अकरा नग तडकले, बाबा,’ तो म्हणाला.

‘कसले नग होते ते?’

‘ब्रेकचे.’

दादांनी हातातला मोदक पानावर ठेवला, आणि वहिनींना म्हणाले, ‘त्याला आणखी तूप वाढा.’